खिशातल्या घड्याळाची झिजलेली डबी : एक अभ्यास

जुन्या घड्याळाविषयी कोणी लिहायला बसले की बहुधा आतल्या चक्रांविषयी आणि कमानीविषयी लिहिले जाते. त्यात गोडी आहे हे खरेच. परंतु शंभर वर्षे माणसांच्या खिशात राहिलेल्या घड्याळाचे हाल पाहायचे असतील तर बाहेरची डबी पाहावी. यंत्र बिघडले की काटे थांबतात आणि लगेच कळते. डबी मात्र मुकाट्याने झिजत राहते, आणि एके दिवशी कडी निसटून घड्याळ फरशीवर पडले म्हणजे मग आपले लक्ष जाते. घड्याळजी लोक या डबीला 'केस' म्हणतात. पण मराठी लेखात केस म्हटले की वाचकाचा हात डोक्याकडे जायचा, म्हणून मी डबी हाच शब्द वापरणार आहे.

असे एक घड्याळ आमच्या घरी आहे. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, खामगावच्या एका कापसाच्या जिनात रात्रीचे रखवालदार होते. जिनातला एक म्हातारा मुकादम काम सोडून गावी निघाला तेव्हा त्याने ते आबांना जुन्यात दिले, आणि आबांनी दोन हंगाम त्याचे पैसे फेडले. आबांना अक्षरओळख नाही. घड्याळाच्या तबकडीवरचे रोमन आकडे तेवढे त्यांना वाचता येतात. तबकडीवर चारचा आकडा चार उभ्या रेघांनी काढलेला आहे, जसा बहुतेक जुन्या घड्याळांवर असतो. मी तो आबांकडूनच शिकले, शाळेत तसाच लिहिला, आणि माझा एक गुण गेला. आता आबांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, दृष्टी फार मंद झाली आहे. काटे दिसत नाहीत, तरी घड्याळ हातात लागते. गेल्या पावसाळ्यात त्याचे झाकण मिटेनासे झाले, आणि त्या निमित्ताने माझा हा अभ्यास सुरू झाला.

घड्याळ स्विस बनावटीचे आहे. त्या काळी यंत्र स्वित्झर्लंडमध्ये तयार होई आणि तबकडीवर नाव मुंबई-कलकत्त्याच्या पेढीचे असे. वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव जुन्या घरांतून आजही आढळते. आमच्या तबकडीवरचे नाव पुसले गेले आहे. पण मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूस भिंगाने पाहिले तर अस्वलाची एक बारीक छाप आणि ०.८७५ हा आकडा दिसतो. स्वित्झर्लंडमध्ये १८८२ पासून १९३४ पर्यंत चांदीच्या डब्यांवर सरकारी छाप पडे : हजारात ८७५ भाग चांदी असेल तर अस्वल, ८०० भाग असेल तर रानकोंबडा. म्हणजे घड्याळ आबांपेक्षा वयाने वडील ठरले. आबांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मंग तर त्याले आहो-जाहो कराव लागन."

जिज्ञासूंनी दुरुस्तीआधी धातूची खात्री करून घ्यावी. 'जर्मन सिल्व्हर' या नावाने जी धातू ओळखली जाते ती तांबे, निकेल व जस्त यांचे मिश्रण. तिच्यात चांदी मुळीच नसते. सोनेरी डब्यांत तर पितळेच्या पत्र्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबून बसवलेला असतो. कडेला पितळ उघडे पडले असेल तर तेथे आच देऊन सांधण्याचा नाद सोडावा. सोन्याचा थर एवढा पातळ असतो की डाग लावून कानस फिरवली की तोही जातो. फार तर मुलामा द्यावा, आणि तो लवकर उडेल हे धरून चालावे. पुढचे सगळे विवेचन चांदीच्या डबीपुरते आहे.

आता डबी झिजते कशी ते पाहू. खनिजांची कठिणता मोजण्याची मोहस याची एक मोजपट्टी आहे. तीवर चांदी अडीचच्या आसपास येते, आपले नखही जवळजवळ तेथेच. आणि साध्या धुळीत जे गारगोटीचे कण असतात ते सातवर. खिसा हा कापडाचा. त्यात धूळ बसली की तो कानशीचे काम करतो. त्यात आबांचा खिसा जिनातला, म्हणजे धुळीबरोबर सरकीची लव आलीच.

दुसरे कारण उघडझाकीचे. खामगावला कापसाची मोठी बाजारपेठ वसली. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि जलंबहून खामगावचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. गाडी आली तशी मिनिटे आली. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबई शहराने मात्र हट्टाने आपली एकोणचाळीस मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत चालवली. खामगावचा रेखांश साधारण साडेशहात्तर. तेव्हा आमच्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातले बारा वाजून गेल्यावर, सरासरीने चोवीस मिनिटांनी. सावली पाहून वेळ सांगणाऱ्या माणसाची जिनात नोकरी टिकली नसती. रात्रीच्या फेऱ्या तासातासाला. दर फेरीला घड्याळ काढायचे, अंगठ्याने झाकण उघडायचे, कंदिलापाशी धरायचे, मिटायचे. रात्रीतून दहा वेळा, वर्षाचे तीनशे दिवस आणि तीस वर्षे असा मी हिशेब केला तो नव्वद हजारांवर गेला.

झिजण्याच्या जागा ठरलेल्या असतात. सर्वांत आधी जाते ती वरची कडी, जिच्यात साखळी अडकवतात. कडीची दोन टोके मानेच्या दोन भोकांत बसलेली असतात. साखळी हलते तशी टोके बारीक होतात आणि भोके लांबट होतात. मग झाकणाची बिजागरी. तिच्या नळ्या एकमेकींत गुंतलेल्या असून मधून सळई जाते. सळई सैल झाली की झाकण बाजूला सरकते आणि काठावर बसत नाही. तिसरी जागा झाकणाचा काठ व तो अडकवणारा खटका. चौथी जागा झाकणाचा सर्वांत उंच भाग, जो खिशाला सतत घासतो. तेथे पत्रा कागदासारखा होऊन शेवटी भोक पडते. आमच्या घड्याळाचे भोक तिळाएवढे होते आणि ते नेमके आबांच्या अंगठ्याच्या जागी होते.

खटक्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ही झीज टाळता येते. झाकणाचे घड्याळ मिटताना वरची चावी दाबून धरायची असते. चावी दाबली की आतली पट्टी मागे सरते. झाकण अलगद टेकवावे आणि मग चावी सोडावी. तसे न करता झाकण नुसते दाबले तर ते 'टक्' असा सुरेख आवाज करून बसते, पण दर खेपेस काठ खटक्यावर घासून जातो. आबांनी नव्वद हजार वेळा तो आवाज ऐकला. "आवाज आला का समजावं, घड्याळ खिशात जायले तयार झालं," असे ते सांगतात.

आमच्या घड्याळाचे नुकसान मात्र केवळ वापराने झालेले नव्हते. काही वर्षांपूर्वी बिजागरी निखळली तेव्हा वडिलांनी ते बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिले होते. त्याने रेडिओच्या तारा सांधतात तसा कथील-शिशाचा डाग देऊन अर्ध्या तासात ते परत केले. काम स्वस्तात झाले म्हणून घरात सर्वांना आनंद झाला. कथील-शिशाचे हे मिश्रण १८३ अंशांच्या सुमारास वितळते, त्यामुळे ते लावायला सोपे. पण ते चांदीशी मजबूत सांधा करीत नाही, आणि त्याहून वाईट असे की पुढे कोणी खरा चांदीचा डाग देण्यासाठी डबी लाल तापवली की हेच कथील-शिसे चांदीत शिरते आणि पत्रा खाऊन टाकते. ज्या ठिकाणी एकदा कथील लागले ते ठिकाण पुढच्या कारागिराला शत्रूच्या घरासारखे वाटते. स्वस्त दुरुस्तीवर माझा राग आहे तो यासाठी. ती वस्तूचे आजचे काम भागवते आणि उद्याच्या दुरुस्तीची वाट बंद करते.

खामगाव चांदीसाठी नावाजलेले आहे. रजतनगरी असे त्याला म्हणतात आणि येथल्या चांदीच्या शुद्धतेची ख्याती दूरवर आहे. म्हणून कारागीर शोधायला मला लांब जावे लागले नाही. लांब जावे लागले ते मान्य करवून घ्यायला. पहिल्या दोघांनी वजन करून चांदीचा भाव सांगितला. तिसरे वयस्क गृहस्थ होते; त्यांनी घड्याळ कानाला लावले, झाकणाच्या मध्यावर अंगठा हलकेच दाबून पाहिला आणि विचारले, "हे कोनाचं हाय, पोरी?" मी सांगितले. ते म्हणाले, "यंत्र काढून आन. मंग पाहू." मी दोन शनिवार त्यांच्या दुकानात बसून काम पाहिले. पुढचे वर्णन त्यावरून केले आहे.

यंत्र डबीत असताना आच देणे म्हणजे घड्याळ जाळणे. घड्याळजींनी चावीची दांडी ओढून काढली, दोन स्क्रू सोडवले आणि यंत्र झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवून दिले. डबीच्या आत पोलादाच्या दोन बारीक पट्ट्या असतात, एक झाकण उसळवणारी आणि एक खटक्याची, त्याही काढल्या. पोलादाची पट्टी तापली की तिची लवचीकता कायमची जाते.

नंतर कथील खरवडण्याचे काम. पहिला अख्खा शनिवार यातच गेला. धारदार पोलादी टोकाने बिजागरीच्या नळ्यांतून कथिलाचा कण न् कण काढायचा आणि चांदी मात्र खरवडायची नाही. काका मध्येच थांबत, भिंगातून पाहत आणि त्या अज्ञात दुरुस्तीवाल्याविषयी असे काही बोलत की ते महाविद्यालयाच्या अंकात छापता येणार नाही.

भोक बुजवण्यासाठी ठिगळ हवे, आणि ठिगळाच्या चांदीवरूनच मला सर्वांत नवे शिकायला मिळाले. खामगावात शुद्ध चांदी मिळते म्हणून मी शुद्ध चांदीचाच तुकडा लावा असा आग्रह धरला. काका हसले. शुद्ध चांदी मऊ. ती डबीच्या चांदीपेक्षा लवकर झिजेल, आणि रंगही थोडा वेगळा दिसेल. ठिगळ मूळ कापडाचेच हवे. अस्वलाच्या छापेची चांदी म्हणजे हजारात ८७५, अर्थात आठात सात. तेव्हा सात भाग चांदी आणि एक भाग तांबे मुशीत वितळवून त्याचा पत्रा लाटला. आजीजवळ जपलेला एक राजाछाप रुपया आहे. १९४० पूर्वीच्या त्या रुपयात बारात अकरा भाग चांदी असे. तो वितळवावा काय असाही विचार निघाला होता. आजीने तो रुपया लगेच कनवटीला लावला आणि विषय संपला.

चांदी सांधण्याच्या मिश्रणाला सोनार डाग म्हणतात. त्यात चांदी, तांबे आणि जस्त असते. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सियसला वितळते. पण तांबे मिसळलेली आमची चांदी ७७९ अंशांनाच वितळू लागते. डाग वितळायला हवा त्याच्या आधी, सातशेच्या आसपास. म्हणजे काम साधण्याचे आणि डबी वाहून जाण्याचे अंतर एवढेसेच. हे अंतर मोजायला दुकानात कोणतेही यंत्र नव्हते. काकांनी दाराचे शटर अर्धे ओढले आणि दिवा मालवला. अंधारात धातूचा रंग खरा दिसतो : प्रथम काहीच नाही, मग मंद लाली. ती दिसली की डाग पळतो. लाली उजळू द्यायची नाही. पूर्वी डाग सहज वितळावा म्हणून त्यात कॅडमियम घालीत. त्याची वाफ फुफ्फुसांना घातक असते. काका ते वापरीत नाहीत.

ठिगळ बाहेरून नव्हे, आतून लावले. झाकणाच्या आतल्या गोलाईला बसेल असे ते आधी लाकडावर ठोकून घेतले, दोन्ही पृष्ठे स्वच्छ घासली, मध्ये टाकणखाराचे पाणी लावले आणि डागाचे कोंड्याएवढे तुकडे कडेने मांडले. टाकणखार तापलेल्या धातूवर हवेतला प्राणवायू बसू देत नाही. तो नसला तर डाग वितळूनही गोळी होऊन बसतो, पसरत नाही. बिजागरीचे मूळ कारखान्यातले सांधे या आचेत सुटू नयेत म्हणून त्यांवर गेरूचा लेप दिला. मग फुंकणीची ज्योत एका जागी न ठेवता सगळ्या झाकणावर फिरवली. डाग पळाला तो क्षण मी पाहिला. ठिगळाच्या कडेने एक उजळ रेघ सरकन् फिरली आणि काकांनी ज्योत बाजूला केली. सगळे मिळून एक मिनिटही लागले नसेल.

तापलेली चांदी काळी पडते, कारण तिच्यातले तांबे जळते. ती तुरटीच्या गरम पाण्यात ठेवून उजळवली आणि रिठ्याने धुतली. कडीच्या मानेतली लांबट भोके गोल करून त्यांत चांदीच्या बारीक नळ्या बसवल्या आणि जुनी कडीच पुन्हा लावली. तिची टोके मात्र डाग चढवून भरून घेतली. बिजागरीच्या नळ्या आतून एकसारख्या करून थोडी जाड सळई घातली. हे लिहायला चार ओळी पुरल्या, करायला दुसरा शनिवार मावळला.

शेवटची अडचण मला अगदी अनपेक्षित होती. लाल तापवून थंड केलेली चांदी मऊ पडते. झाकण आता हाताने वाकेल असे झाले होते, आणि मऊ झाकण खटक्याला धरून राहत नाही. त्यावर उपाय आच नव्हे, दाब. काकांनी ओपणी घेतली, म्हणजे गुळगुळीत पोलादाचे ते बोथट हत्यार, आणि साबणाच्या पाण्यात बुडवून झाकणाच्या काठावर घट्ट दाबत फिरवीत राहिले. दाबाने चांदी पुन्हा कडक होते. शिवाय झिजलेला काठ किंचित बाहेर सरकतो आणि खटक्याला पुन्हा धरायला जागा मिळते. यात धातू वाढवावी लागत नाही आणि कमीही होत नाही. साऱ्या कामात मला हीच युक्ती सर्वांत आवडली.

डबी तयार झाल्यावर काकांनी विचारले, "पालिश मारून देऊ? नव्यावानी दिसन." झाकणावर फुलांची एक वेल कोरलेली आहे आणि मधोमध रिकामी ढाल, जुन्या डब्यांवर मालकाचे नाव घालण्यासाठी अशी जागा सोडलेली असते. वेलीची बरीच पाने पुसली आहेत, ढाल रिकामीच राहिली. मी खरे तर घरून ठरवून आले होते की वेल उजळून घ्यायची आणि ढालीत आबांचे नाव कोरून आणायचे. आमच्या घरात धातूवर कोरलेले नाव फक्त भांड्यांवर आहे, आणि तेही आजीच्या माहेरचे.

काकांनी मला झाकण दिव्यासमोर धरून दाखवले. पॉलिश म्हणजे घासणेच. चकाकी येते ती वरची चांदी निघून गेल्यामुळे. ज्या पत्र्याला आत्ताच ठिगळ लावले त्याच पत्र्यावरून चाक फिरवायचे, तर पाने उजळणार नाहीत, उरलेली जातील. कोरण्याचेही तसेच. छिन्नी जितकी खोल जाते तितका पत्राच ढालीपाशी उरलेला नव्हता. चांदीवरचा नुसता काळेपणा काढायचा असेल तर घासण्याची गरजच नाही : यंत्र काढलेली डबी ॲल्युमिनियमच्या भांड्यात गरम पाणी व खाण्याचा सोडा घालून बुडवली की काळा थर, जो चांदी आणि गंधक यांच्या संयोगाने झालेला असतो, तो पुन्हा चांदीत बदलतो आणि धातू जागच्या जागी राहते. तेवढे आम्ही केले. वेलीच्या खाचांत राहिलेला काळेपणा मी काढू दिला नाही. त्यामुळेच उरलेली पाने दिसतात.

तरीही नावाचा विचार माझ्या मनातून जात नव्हता. घरी आल्यावर मी आबांना विचारले की ढालीत नाव नाही याचे त्यांना वाईट वाटते का. ते म्हणाले, "मी कोन हाय ते मले मालूम हाय. घड्याळालेबी मालूम हाय." मग त्यांनी अंगठा नेहमीच्या जागी ठेवला आणि थांबले. बाहेरून ठिगळ डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही; भोकाच्या जागी डागाचा एक किंचित पिवळसर ठिपका आहे, इतकेच. पण तेथली धार गेली होती, आणि ते त्यांना लगेच कळले. "इथं टोचत होतं," ते म्हणाले.

मी त्यांना चावी दाबून झाकण कसे मिटायचे ते करून दाखवले, त्यांचा अंगठा चावीवर ठेवून दोनदा तसे करवूनही घेतले. त्यांनी ऐकून घेतले. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते तेव्हा ओसरीवरून आवाज आला, टक्. थोड्या वेळाने पुन्हा आला.